ट्रॅकर काढला तरी टोरेंट चालतं कसं? आपल्याच मशिनवर करून बघायची रीत

टोरेंट म्हटलं की आमच्या लॅबमधली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांच्या लेखी टोरेंट म्हणजे फुकटचा पिक्चर. खरं तर ती लोकांच्या मशिनांनी एकमेकांना तुकड्यातुकड्याने फाईल देण्याची पद्धत. मी चिपळूणला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि माझ्या टेबलावरच्या मशिनवर टोरेंट दिवसभर चालू असतं: डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयएसओ (म्हणजे डिस्कच्या एका फाईलमधल्या प्रती), लिब्रेऑफिस, किविक्सने एका फाईलमध्ये बांधलेला मराठी विकिपीडिया. सगळं उघड, आणि त्या त्या संस्थेनेच टोरेंटने वाटायला ठेवलेलं.

शिकवणारे सर वेगळे आहेत, पण प्रॅक्टिकलला मुलं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहतात आणि त्यातलं एखादं नेमकं विचारतं, "मॅडम, मधे सर्व्हरच नाही, तर त्या जर्मनीतल्या मशिनचा पत्ता आपल्याला दिला कोणी?"

फळ्यावर आकृती काढून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी उलटं करते. पत्ता मिळण्याचे सगळे रस्ते बंद करते. टोरेंट ठप्प होतं. मग एकेक रस्ता उघडते आणि कुठून कोण आलं ते पोरांना स्क्रीनवर बघायला लावते. तीच रीत इथे लिहिते आहे. घरी एक लॅपटॉप असला तरी बरंचसं जमेल, दोन मशिनं असतील तर सगळंच.

थोडं मागचं, कारण त्याशिवाय आजची रचना अशी का हे कळत नाही. १९९९ साली आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या मशिनवर असायची, पण कोणाकडे काय आहे ही यादी कंपनीच्या सर्व्हरवर. पूर्वी नंबर माहीत नसला की आपण १९७ ला फोन करून विचारायचो, तसं: बोलणं दोघांचं, नंबर सांगणारा मात्र एकच. कोर्टकचेरी झाली, २००१ मध्ये ती यादी बंद पडली आणि यादीबरोबर सगळं जाळं बसलं. मार्च २००० मध्ये आलेल्या ग्नुटेलाने यादीच काढून टाकली. तुम्ही शेजारच्या मशिनांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असं साधारण सात टप्पे. बंद पाडायला कुठे एक जागाच नव्हती, हे खरं. पण माणसं वाढली तशी लाईन दुसऱ्यांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच गुंतायला लागली. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट आणलं त्यात शोध हा भागच ठेवला नाही. "अमुक नावाचं काही आहे का?" हा प्रश्न तिथे नाहीच. प्रश्न एवढाच: "या नेमक्या फाईलवर आत्ता कोण कोण आहे?" माझ्या मते सगळी हुशारी या प्रश्न लहान करण्यात आहे.

तयारी

क्युबिटटोरेंट हा टोरेंट चालवायचा प्रोग्राम टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आत काय चाललंय ते लपवत नाही. डेबियनच्या साइटवरून पहिल्या डीव्हीडीची टोरेंट फाईल घ्या. डीव्हीडी साधारण पावणेचार जीबीची आहे, टोरेंट फाईल मात्र एका एमबीहूनही लहान, कारण तिच्यात फक्त त्या डीव्हीडीची ओळख असते. नेटइन्स्टची छोटी आयएसओ घेऊ नका, चांगल्या लाईनवर ती बघता बघता उतरते आणि बघायला काही उरत नाही.

टोरेंट क्युबिटटोरेंटमध्ये टाकण्याआधी टूल्स, ऑप्शन्स, बिटटोरेंट असं जाऊन तिथल्या पहिल्या तीन खुणा काढा: डीएचटी, पीअर एक्सचेंज, लोकल पीअर डिस्कव्हरी. पत्ता मिळण्याचे हे तीन रस्ते, पुढे एकेक उघडू. पीअर म्हणजे त्याच फाईलवर असलेलं दुसरं मशिन. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. पीअर एक्सचेंजची खूण रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, आणि ही गोष्ट ठाऊक नसली की प्रयोगाची उत्तरं उलटीपालटी येतात.

आता टोरेंट टाका, पण टाकताना "स्टार्ट टोरेंट"ची खूण काढून. ही शिस्त पाळाच. एकदा जरी ते चालू झालं तरी ट्रॅकरला (कोणत्या टोरेंटवर कोण आहे ही यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला) तुमचा पत्ता कळतो आणि मग तुम्ही सगळे रस्ते बंद केलेत तरी बाहेरून कोणीतरी दार ठोठावतं. शिवाय भेटलेल्या पीअरचे पत्ते प्रोग्राम जपून ठेवतो. आधी ओळख झाली असेल तर प्रयोगाला अर्थ नाही.

मग खालच्या भागात ट्रॅकर्स हा टॅब उघडून तिथला डेबियनचा ट्रॅकर काढून टाका. एचटीटीपी सोर्सेस या टॅबमध्ये काही असेल तर तेही काढा, नाहीतर फाईल थेट सर्व्हरवरून उतरेल आणि तुम्हाला वाटेल पीअरनेच दिली. डाउनलोडचा वेग सेकंदाला २०० केबीवर बांधून ठेवा. इथे घाई नको आहे.

आता स्टार्ट करा. काही होत नाही. "स्टॉल्ड". तुमच्याकडे फाईलची पूर्ण ओळख आहे, प्रत्येक तुकड्याचा हॅश (आतल्या माहितीवरून काढलेला, ठशासारखा आकडा) आहे, जगभरात शेकडो मशिनं ती फाईल द्यायला बसली आहेत, आणि तरी शून्य. कारण एकाचाही पत्ता नाही.

एक पत्ता हाताने

दुसऱ्या मशिनवर (किंवा मित्राच्या घरी) तेच टोरेंट नेहमीसारखं, सगळे रस्ते उघडे ठेवून चालवा. त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरचं प्रोग्रामचं दार) लिहून घ्या. आपल्या मशिनवर पीअर्स टॅबमध्ये राइट क्लिक, ॲड पीअर्स, आणि तो पत्ता द्या. आमच्याकडे हे १९२.१६८ ने सुरू होणारे लॅबमधलेच पत्ते असतात. ओळ लगेच उमटते आणि तुकडे यायला लागतात.

या क्षणी वायरशार्क (लाईनवरून जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) उघडलेलं असेल तर फार बरं. त्यासाठी ऑप्शन्समध्ये एन्क्रिप्शन तेवढ्यापुरतं बंद करा आणि जोडणी फक्त टीसीपीवर ठेवा. जोडणी झाल्यावर दोन्ही बाजूंनी पहिला निरोप जातो तो फक्त ६८ बाइटचा. पहिला बाइट म्हणजे १९ हा आकडा. त्यानंतर १९ अक्षरं, "बिटटोरेंट प्रोटोकॉल" ही इंग्रजीत, वायरशार्कमध्ये स्वच्छ वाचता येतात. मग ८ बाइट "मला काय काय जमतं" या खुणांचे. मग २० बाइटचा इन्फो हॅश, आणि शेवटी २० बाइटचा पीअर आयडी, ज्याच्या सुरुवातीला प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती असते. संपलं. नाव नाही, खातं नाही, पासवर्ड नाही.

यातला कळीचा भाग इन्फो हॅश. टोरेंट फाईलमधल्या माहितीवरून काढलेला हा १६० बिटांचा आकडा. जनरल टॅबमध्ये ४० अक्षरांत लिहिलेला दिसतो. समोरच्याकडे तोच हॅश असेल तर बोलणं पुढे, नसेल तर जोडणी तिथेच तुटते. फाईलचं नाव तुम्ही काहीही ठेवा, इथे कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. माझी पोरं इथे थांबून विचारतात, "मग खोटी फाईल कोणी दिली तर?" प्रत्येक तुकड्याचा हॅश आपल्याकडे आधीच आहे. जुळला नाही तर तुकडा टाकून द्यायचा. म्हणूनच अनोळखी माणसाकडून घ्यायला भीती नाही. मूळ टोरेंट फाईल मात्र विश्वासाच्या जागेवरून आणलेली हवी.

ओळख झाली म्हणजे लगेच माल मिळतो असंही नाही. फ्लॅग्ज या रकान्यात मोठा डी दिसला तर तो पीअर देतो आहे, छोटा डी दिसला तर आपण मागतोय आणि त्याने आपल्याला थांबवून ठेवलंय. प्रत्येक पीअर मोजक्यांनाच एका वेळी देतो. कोणाला द्यायचं हे साधारण दर १० सेकंदांनी, कोण आपल्याला किती देतंय ते बघून ठरतं, आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला सहज संधी मिळते. ती संधी नसती तर रिकाम्या हाताने आलेल्याला कोणी उभंच केलं नसतं.

एकाकडून अनेक

आता आपल्या मशिनवर पीअर एक्सचेंजची खूण परत लावा, रीस्टार्ट करा, पीअर्स टॅब उघडा ठेवून बसा. मिनिट-दोन मिनिटांत ओळी वाढायला लागतात आणि फ्लॅग्जच्या रकान्यात एक्स दिसतो. एक्स म्हणजे हा पत्ता दुसऱ्या पीअरने सांगितला. शेजारच्या मशिनच्या ओळखीचे सगळे आता आपल्याही ओळखीचे. मिनिटाला एकापेक्षा जास्त निरोप पाठवायचा नाही आणि एका निरोपात ५० पेक्षा जास्त नवे पत्ते घालायचे नाहीत, असा संकेत आहे, म्हणून ही भरती सावकाश होते. पण चालू राहिली की टोरेंट पुन्हा दुसऱ्या कोणाला काही विचारत नाही.

पहिली ओळख मात्र लागतेच. ती करून द्यायचं जुनं काम ट्रॅकरचं. तो पत्ता परत टाकून बघा (काढताना कॉपी करून ठेवला असेलच). तुमचा प्रोग्राम ट्रॅकरला एवढंच सांगतो: हा इन्फो हॅश, हा माझा पोर्ट, इतकं उरलंय. उत्तरात पत्त्यांची यादी येते, आणि ती इतकी आटोपशीर की एका आयपीव्ही४ पत्त्याला ६ बाइट: चार आयपीचे, दोन पोर्टचे. पन्नास जणांचे पत्ते ३०० बाइटमध्ये. फाईलचा एकही कण ट्रॅकरमधून जात नाही. असं असूनही तो एक सर्व्हर आहे, आणि सर्व्हर बंद पडतात.

डीएचटी

डीएचटी म्हणजे डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबल: पत्त्यांची यादी एका सर्व्हरवर न ठेवता सगळ्या मशिनांत वाटून ठेवायची. इथे जरा रेंगाळते, कारण पोरांना सगळ्यात जास्त जादू इथे वाटते, आणि जादू काहीच नाही.

पीअर एक्सचेंज बंद करून रीस्टार्ट करा, टोरेंट काढून नव्याने टाका (परत स्टार्टची खूण काढून), त्यातला ट्रॅकर आणि एचटीटीपी सोर्सेस पुन्हा काढा, फक्त डीएचटी लावा आणि मग स्टार्ट करा. खालच्या पट्टीवर "डीएचटी: ० नोड्स" असं असेल. नोड म्हणजे या जाळ्यातलं एक मशिन. तो आकडा हलायला लागतो, दहा, चाळीस, दीडशे, आणि साधारण तीन-चारशेच्या आसपास रेंगाळतो. मग पीअर्समध्ये ओळी येतात, फ्लॅग्जमध्ये एच.

पहिला नोड कुठून मिळाला? प्रोग्राममध्ये दोन-चार पत्ते आधीच लिहून दिलेले असतात. राउटर डॉट बिटटोरेंट डॉट कॉम हा त्यातला एक. त्यांना फायलींचं काही माहीत नसतं, ते फक्त "हे घे आणखी काही नोड" एवढं सांगतात. म्हणजे "पूर्ण विकेंद्रित" म्हणताना पहिल्या पावलापुरता एक माहितीचा उंबरा आहेच, हे कबूल करायला हवं. मात्र एकदा नोड मिळाले की प्रोग्राम ते डिस्कवर साठवतो आणि पुढच्या वेळी त्या उंबऱ्याशी जायची सहसा गरज पडत नाही. टोरेंटवरचे पीअरही आपला डीएचटीचा पोर्ट एकमेकांना कळवत असतात, तोही एक रस्ता.

आता रचना. पेटार मायमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये कॅडेम्लिया नावाची पद्धत मांडली. बिटटोरेंटमध्ये ती २००५ साली आली. प्रत्येक नोडला १६० बिटांचा एक आकडा असतो. फाईलचा इन्फो हॅशही १६० बिटांचाच. म्हणजे नोड आणि फाईल एकाच मापाच्या आकड्यांत बसतात, आणि नियम असा की ज्या नोडांचे आकडे फाईलच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ, त्यांनी त्या फाईलवाल्यांचे पत्ते सांभाळायचे. फाईल नाही सांभाळायची. पत्ते.

"जवळ" कसं मोजायचं? वजाबाकीने नाही, एक्सॉरने. चार बिटांवर करून दाखवते. फाईलचा आकडा १००० धरा. एका नोडचा १०१०. जिथे बिट वेगळा तिथे १, सारखा तिथे ०, म्हणजे ००१०, अंतर २. दुसऱ्या नोडचा ००११. एक्सॉर १०११, अंतर ११. पहिला जवळचा. या अंतराचा नकाशाशी काही संबंध नाही. तुमच्या बाकावरचं शेजारचं मशिन इथे लांबचं असू शकतं आणि ब्राझीलमधलं कोणीतरी अगदी खेटून.

प्रत्येक नोड आपल्या जवळच्या आकड्यांचे पुष्कळ नोड लक्षात ठेवतो आणि लांबच्या प्रत्येक टप्प्यातले थोडेच, टप्प्याला ८. म्हणून तुमच्या पट्टीवर काही शेच दिसतात. हेलसिंकी विद्यापीठातल्या दोघांनी २०१३ मध्ये या जाळ्याची मोजणी मांडली तेव्हा एका वेळी दीड ते पावणेतीन कोटी नोड होते. कोटींच्या जाळ्यात काही शे ओळखी, आणि तरी भागतं. कारण शोधताना तुम्ही तुमच्या ओळखीतल्या जवळच्याला विचारता, "हा हॅश. कोणी आहे का?" त्याच्याकडे पत्ते असतील तर तो देतो, नसतील तर त्याला माहीत असलेले आणखी जवळचे नोड देतो. तुम्ही त्यांना विचारता. प्रत्येक पायरीला निदान एक बिट तरी जास्त जुळतो, म्हणजे उरलेलं जाळं निम्मं किंवा त्याहून कमी होतं. कोटी निम्मे करत गेलं की चोवीस-पंचवीस पायऱ्यांत संपतात. प्रत्यक्षात एका उत्तरात बरेच बिट एकदम जुळतात, त्यामुळे पायऱ्या याहून खूप कमी लागतात.

ग्नुटेलाशी फरक बघा. तिथे प्रश्न सगळ्यांच्या घरून फिरायचा. इथे विचारत तुम्ही स्वतः जाता, आणि दर वेळी दिशा ठाऊक असते.

पत्ते मिळाले की तुम्हीही आपला पत्ता त्याच जवळच्या नोडांकडे नोंदवता. नोंदवताना आधीच्या उत्तरात आलेला एक टोकन परत दाखवावा लागतो, म्हणजे दुसऱ्याचा पत्ता भलत्या टोरेंटवर नोंदवून त्याला त्रास देता येत नाही. नोंद कायमची नसते. मशिन बंद झालं की काही वेळात पुसली जाते, म्हणून प्रोग्राम मधूनमधून पुन्हा नोंदवतो.

मॅग्नेट लिंक (टोरेंट फाईलऐवजी पाठवायची नुसती एक ओळ) कशी चालते तेही आता सरळ कळेल. त्या लांबलचक ओळीत बीटीआयएचनंतरची जी ४० अक्षरं आहेत तेवढाच खरा ऐवज, बाकी नाव वगैरे सोय म्हणून. त्या हॅशवरून डीएचटीत पीअर शोधायचे, आणि टोरेंट फाईलमधली माहिती त्यांच्याकडूनच १६ केबीच्या तुकड्यांत मागवायची. स्क्रीनवर "डाउनलोडिंग मेटाडेटा" लिहून येतं ते हेच. आलेल्या माहितीचा हॅश लिंकमधल्या हॅशशी जुळला की पुढचं काम सुरू.

डीएचटीचा आकडा शून्यावरून हललाच नाही तर बहुतेक वेळा यूडीपी (डीएचटी ज्यावरून बोलतं तो पॅकेट पाठवायचा प्रकार) अडलेलं असतं. कॉलेज-ऑफिसच्या फायरवॉलमध्ये हे हमखास. वेब चालतं, टोरेंट मेलेलं, आणि माणूस उगाच प्रोग्राम काढून परत टाकत बसतो.

एकाच खोलीत

चौथा रस्ता, लोकल पीअर डिस्कव्हरी, आमच्या लॅबचा जीव आहे. २०२१ च्या पुरानंतर लॅब वरच्या मजल्यावर आली ती मिळतील तशा जुन्या मशिनांवर, आणि सगळ्यांवर डेबियन घालायचं होतं. लाईन बेताची. एका मशिनवर डीव्हीडी रात्री उतरवून ठेवली आणि बाकीच्यांना ती खोलीतल्या खोलीत मिळाली.

यात मशिन लोकल नेटवर्कवर मल्टिकास्टने हाळी देतं: पत्ता २३९.१९२.१५२.१४३, पोर्ट ६७७१, "हा हॅश माझ्याकडे आहे, माझा पोर्ट अमुक". त्याच टोरेंटवरचं शेजारचं मशिन ऐकतं आणि जोडणी करतं. फ्लॅग्जमध्ये एल. १०० एमबीपीएसचा जुना स्विच असला तरी सेकंदाला ११ एमबीच्या आसपास मिळतात, आणि मशिनं आपापसांतही तुकडे देत असल्याने पहिल्या मशिनवर सगळा भार येत नाही. वेगाची एकूण मर्यादा लावली असेल तर स्पीडच्या पानावर लॅनवरच्या पीअरनाही मर्यादा लावायची जी खूण आहे ती काढा. वायफायवर चालत नसेल तर राउटरमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू आहे का बघा. ते चालू असेल तर वायफायवरची मशिनं एकमेकांना दिसतच नाहीत.

पत्ता आहे, पण दार बंद

सगळे रस्ते उघडे आहेत, पीअर दिसतात, तरी जोडण्या थोड्या आणि अपलोड जवळपास शून्य. घरून हे करणाऱ्यांची बहुतेक रड इथेच असते, आणि ती डीएचटीची नसते. बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही.

खालच्या पट्टीवरच्या जोडणीच्या चिन्हावर माउस न्या. "कनेक्टेड" असेल तर प्रश्न नाही. थेट जोडण्या नाहीत असं काही लिहून आलं तर पुढचं तपासा, याच क्रमाने.

विंडोजने पहिल्यांदा विचारलं तेव्हा फायरवॉलमध्ये परवानगी दिली होती का? मग राउटर. घरातल्या सगळ्या मशिनांना बाहेर एकच पत्ता असतो, आणि आतून कोणी बोलणं सुरू केलं नसेल तर बाहेरून आलेलं पॅकेट कोणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही. क्युबिटटोरेंटच्या कनेक्शन पानावर यूपीएनपी आणि नॅट-पीएमपीची खूण असते. राउटरमध्येही यूपीएनपी चालू असेल तर दोघं आपसांत पोर्ट उघडून घेतात. जमलं नाही तर राउटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग हाताने करा: मशिनला लॅनचा पत्ता कायमचा बांधून द्या, आणि तोच पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी वळवा. नुसतं टीसीपी वळवून लोक अडकतात. ६८८१ हा जुना पोर्ट टाळून ४९१५२ च्या पुढचा कुठलाही घ्या.

एवढं करूनही बंदच? राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा आणि "माझा आयपी" सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा बघा. दोन वेगळे आले, आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा (किंवा १० ने सुरू होणारा) असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे तुमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक राउटर आहे आणि एक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले तेव्हा, २०१२ मध्ये, या वापरासाठी हा पट्टाच राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, वरचं दार तुमच्या हातात नाही. माझ्या घरच्या लाईनचा ऑपरेटर फोनवर मला अर्धा तास "मॅडम, राउटर रीस्टार्ट करा" सांगत होता. शेवटी पब्लिक आयपीचे महिन्याला वेगळे पैसे आहेत हे त्याच्याच तोंडून निघालं.

पैसे द्यायचे नसतील तरी सगळं अडत नाही. तुमच्याकडून बाहेर जोडणी होतेच, आणि एकदा झालेल्या जोडणीवर देणं-घेणं दोन्ही चालतं. अडचण एवढीच की दोन्ही टोकं बंद दारामागे असली की कोणी कोणाकडे जायचं? त्यावर होल पंचिंग नावाची तोड आहे. दोघांनाही जोडलेला तिसरा पीअर दोघांना एकाच वेळी "आता ठोका" म्हणून सांगतो, दोघं यूडीपीवर एकमेकांकडे पॅकेट सोडतात, आणि दोन्ही राउटरना वाटतं की बोलणं आतूनच सुरू झालंय. नेहमी जमतंच असं नाही. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते जरूर चालू ठेवा. तिथे प्रत्येक मशिनला स्वतःचा पत्ता असतो, फक्त राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बघावी लागते.

आपलं स्वतःचं वाटायला ठेवणं

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण मोठं असतं, आणि माजी विद्यार्थी पुण्यापासून दुबईपर्यंत. टूल्समध्ये टोरेंट क्रिएटर आहे. फोल्डर निवडा, "प्रायव्हेट" ही खूण लावू नका (लावली की डीएचटी आणि पीअर एक्सचेंज दोन्ही बंद, मग ट्रॅकर नसेल तर कोणीच कोणाला सापडणार नाही), "स्टार्ट सीडिंग" लावा. तयार झालेल्या टोरेंटवर राइट क्लिक करून मॅग्नेट लिंक कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. ट्रॅकर टाकायची गरज नाही.

पाठवण्याआधी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. टोरेंटवर असलेल्या प्रत्येकाचा आयपी बाकी सगळ्यांना दिसतो, पीअर्स टॅबमध्ये तुम्ही इतका वेळ तेच तर बघत होता. आणि हॅश एकदा डीएचटीत गेला की ते जाळं उघडं आहे, त्यात फिरून हॅश गोळा करणारे प्रोग्रामही असतात. खासगी काही असेल तर आधी झिप करून पासवर्ड घाला. दुसरं, इथे उतरवणारा त्याच वेळी वाटतही असतो. दुसऱ्याच्या हक्काचा पिक्चर असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यापुढे "मी फक्त बघायला घेतला" हे म्हणणं टिकत नाही. स्नेहसंमेलनात वाजलेल्या गाण्यांचंही तेच, म्हणून आम्ही नाच वगळून फक्त नाटकं आणि भाषणं ठेवतो.

पहिली पूर्ण प्रत कोणाकडे तरी पोचेपर्यंत तुमचं मशिन चालू हवं. पीअर्स टॅबमध्ये समोरच्याचा प्रोग्रेस १०० टक्के दिसला की झालं. पलीकडे "डाउनलोडिंग मेटाडेटा"वर अडकून बसला असेल तर आधी त्याच्या पट्टीवरचे डीएचटी नोड किती ते विचारा. शून्य असतील तर त्याच्याकडे यूडीपी अडलंय. आकडा चांगला असेल तर तुम्ही दोघंही बंद दारामागे आहात. अशा वेळी पब्लिक आयपी असलेल्या कोणाला तरी तासभर तीच लिंक उघडून ठेवायला सांगा. आमच्याकडे ते काम कॉलेजच्या लाईनवरचं माझ्या टेबलाचं मशिन करतं.